रिकाम्या पिंजऱ्यांची फेरी

"आता आणखी काय सोडायचं राहिलंय, बुवा?"

विचारताना दिनकररावांचा आवाज जरा चढलाच. घर मुलाच्या नावावर करून झालं होतं, गोडाधोडाला हात लावणं बंद झालं होतं. एवढं करूनही संन्यास मिळत नसेल, तर माणसाने करायचं तरी काय?

तात्याबुवा अस्वलाच्या जुन्या पिंजऱ्यात चूल फुंकत बसले होते. संस्थानच्या काळातलं ते प्राणिसंग्रहालय केव्हाच बंद पडलं होतं. जनावरं काही मेली, काही दुसरीकडे गेली. मग बुवा कुठूनसे आले आणि अस्वलाची जागा रिकामी बघून तिथेच राहिले. दिनकररावांची मात्र सगळी नोकरी इथेच गेलेली, सुपरिंटेंडंट म्हणून.

"घरची आठवण येते?" बुवांनी विचारलं.

"नाव काढू नका. संदेश माझा एकुलता एक मुलगा, पण त्यालाही पुसून टाकलंय. मन कोरं आहे."

"बरं... चल, मला जनावरं दाखव."

"इथे आता कुठली जनावरं?"

"तू दाखव तर."

दिनकरराव हसले, पण पाय आपसूक चालू लागले. संध्याकाळची फेरी हा त्यांचा नेम होता. पिंजऱ्यापुढे उभं राहून जनावराला नावाने हाक मारायची, ते गजांपाशी आलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच बाहेरची कडी घालायची. न बघता कडी घालणाऱ्या नोकराला ते चांगलेच फैलावर घेत.

"चांदणी!" पहिल्या पिंजऱ्याशी त्यांनी हाक मारली. "बिबट्याची मादी, बुवा. डाव्या कानाला चीर होती. मटण शिळं असलं तर नुसतं हुंगून पाठ फिरवायची, एवढा तोरा! आणि ढग गडगडले की त्या कोनाड्यात तोंड खुपसून बसायची. पाऊस थांबेपर्यंत मी इथे तिच्याशी बोलत बसायचो."

पुढचा पिंजरा तरसाचा. "हा बाजी. लोक नाकं मुरडायचे, पण काय गुणी जनावर होतं!"

मगरीच्या कोरड्या हौदात धोतरा माजला होता. "ही कसली हाकेला येतेय! पण माझ्या बुटांचा आवाज बरोबर ओळखायची."

नीलगाईच्या कुंपणाशी ते थांबले. म्हातारपणी तिचे दात पडले, तेव्हा ते स्वतः उभं राहून तिचा चारा बारीक करून घेत. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

कुंपण संपलं. पुढे नुसतं मोकळं माळरान होतं. बुवा तिथे जाऊन थांबले.

"हाक मार."

"कुणाला? इथे पिंजरा नव्हता."

"संदेशला."

दिनकररावांनी मोकळ्या माळाकडे पाहिलं.

"खाताना कशावर रुसायचा रे तो?" बुवांनी हळूच विचारलं. "ढग गडगडले की कुठे लपायचा?"

दिनकररावांनी आठवून पाहिलं. निजलेल्या पोराची पाठ आठवली. शाळेचा खाकी गणवेश दोरीवर वाळत घातलेला आठवला. पुढे काही केल्या काही येईना. पावसाच्या रात्री ते घरी नसायचेच. पोरगा आईच्या कुशीत शिरायचा की एकटाच जागा राहायचा, कोण जाणे.

"मला... ठाऊक नाही, बुवा."

"मन कोरं आहे म्हणालास."

"हो."

"मग पुसलंस काय?"

दिनकरराव मटकन खाली बसले. माळावरचा उजेड विझत चालला होता.

"म्हणजे मला संन्यास मिळणार नाही," शेवटी ते म्हणाले.

बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना उठवलं आणि गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आणून उभं केलं.

"मिळेल की. येताना सोडण्यासारखं काहीतरी घेऊन ये."