चिंगी आत्याचं भिरभिरं

एका गोठ्याला एक भिंत होती. भिंतीवर एक पाल राहायची. एवढीशी. बोटभर! तिचं नाव चिंगी. पण तिला नुसतं चिंगी म्हणायचं नाही हं. ती आता आत्या झाली होती! तिच्या भावाला बाळ झालं होतं. आज बाळाचं बारसं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, भिंत किती उघडी दिसते! पाळण्यावर काहीतरी लावा ना. मी घुगऱ्या शिजत टाकते."

"लावते की! आत्या कशाला आहे?"

आत्यानं पतंगाचा लाल कागद घेतला. कापला, कच कच. दुमडला, कुर कुर. मधोमध बाभळीचा काटा, टुच! झालं भिरभिरं. भिंतीवर लावलं. लांबून पाहिलं. वा!

तेवढ्यात म्हशीनं मान उचलली. शिंग भिंतीला घासलं. भिरभिरं शिंगात अडकलं. आणि म्हैस चालली बाहेर. डुलत डुलत.

"अहो म्हशीबाई! माझं भिरभिरं!"

म्हैस म्हणाली, "मला छान दिसतं. नाही देत, जा. माझी पाठ खाजते. बगळ्याला सांग, पाठ खाजव. मग देते."

"बाळाचं भिरभिरं, आणि मिरवणार म्हैस? हा कुठला न्याय?"

आत्याची शेपटी रागानं ताठ झाली. ती निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बगळ्याकडे.

"बगळोबा, बगळोबा, ऐका!
म्हैस भिरभिरं देईना,
बाळाची भिंत सजेना.
असं कसं चालेल? मी आत्या आहे!"

बगळा एका पायावर उभा होता. म्हणाला, "आज तोंडाला चवच नाही बघ. चिंचेला सांग, एक आकडा टाक. मग खाजवतो."

"पाठ खाजवायला तोंडाची चव कशाला लागते?"

"मला लागते."

आत्या निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. चिंचेकडे.

"चिंचाबाई, चिंचाबाई, ऐका!
बगळा पाठ खाजवेना,
म्हैस भिरभिरं देईना,
बाळाची भिंत सजेना.
असं कसं चालेल? मी आत्या आहे!"

चिंच म्हणाली, "आकडा पिकलाय गं. पण मी आपण होऊन हलत नाही. वाऱ्याला सांग, हलव. मग टाकते."

"अहो, तुमचीच चिंच, तुमचीच फांदी!"

"असेल. पण आमच्यात तशी पद्धत नाही."

"पद्धत म्हणे!" आत्या निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वाऱ्याकडे.

वारा टेकडीमागे बसला होता. गाल फुगवून.

"वारोबा, वारोबा, ऐका!
चिंच आकडा टाकेना,
बगळा पाठ खाजवेना,
म्हैस भिरभिरं देईना,
बाळाची भिंत सजेना.
असं कसं चालेल? मी आत्या आहे!"

"नाही हलवत!" वारा म्हणाला. "ज्याचं त्याचं बारसं होतं. माझं केलं कुणी? सगळे म्हणतात, वारा आला, वारा गेला. पण माझं नाव काय?"

आता आली पंचाईत. आत्याकडे नाव होतं. पण एकच! बाळासाठी जपून ठेवलेलं. आणि तिकडून घुगऱ्यांचा वास येऊ लागला. पाहुणे येणार!

"आणा इकडे तुमचा कान!" आत्या म्हणाली.

वाऱ्याला कान कुठे? इकडे नाही. तिकडे नाही. पाठीवर नाही. पोटावर... सापडला!

"कुर्रर्र! तुमचं नाव गुंडोपंत!"

"गुंडोपंत? मी गुंडोपंत! अहाहा!" वारा उठला. फूऽऽऽ!

वारा चिंच हलवू लागला. गदा गदा.
चिंच आकडा टाकू लागली. टप टप.
बगळा पाठ खाजवू लागला. खर खर.
म्हशीनं डोळे मिटले. मान खाली केली. "घे बाई, घे तुझं भिरभिरं!"

आत्यानं भिरभिरं उचललं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पाळण्यावर लावलं, टुच! बाळाची भिंत सजली.

पाहुणे जमले. "आत्याबाई, बाळाचं नाव सांगा!"

आता काय सांगायचं? नाव तर देऊन टाकलेलं!

मग आत्यानं मान ताठ केली. बाळाच्या कानाशी गेली. "कुर्रर्र! याचंही नाव गुंडोपंत!"

"अगं बाई! दोन दोन गुंडोपंत? असं कुठं असतं?"

"इथं असतं! मी आत्या आहे!"

मग सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. बाळ मोठं झालं. आता रोज वहिनी हाक मारते, "गुंडोपंत, जेवायला या!"

बाळ येतं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

आणि वारा पण येतो. फूऽऽऽ!

आणि भिंतीवर भिरभिरं फिरतं. गर गर गर गर गर गर!