राजाचा काटा आणि मिस्त्र्याची लेक

राजा उदंडसेनाची मोटारसायकल शर्यतीत पुन्हा एकदा शेवटून पहिली आली. आता राजा हरला म्हणजे चूक कुणाची? अर्थातच मिस्त्र्याची!

बिचारा धोंडू मिस्त्री एवढंच म्हणाला होता, "सरकार, वळणातून बाहेर पडताना गाडी म्हशीसारखी उठते. टॉप स्पीड जरा कमी केला, तर उठाव वाढेल."

राजाचा वेग कमी करायचा? हा तर राजद्रोह! धोंडूची रवानगी थेट कोठडीत झाली. इकडे प्रधानजींनी वेगवृद्धी समिती नेमली. समितीने भरपूर काजू खाल्ले आणि निष्कर्ष काढला, की महाराजांचीच गाडी सर्वांत वेगवान आहे; बाकीच्या फक्त आधी पोचतात.

तेवढ्यात धोंडूची लेक अनसा दरबारात येऊन उभी राहिली. हाताला ग्रीस, कपाळाला आठी.

"सरकार, माझ्या बाला सोडा. गाडी मी जिंकवून देते."

"देतेस? मग अटी ऐक! ही सोन्याचा मुलामा दिलेली साखळी आमच्या सासऱ्यांची भेट आहे. तिची एक कडी तोडायची नाही की जोडायची नाही. इंजिनाला हात लावायचा नाही. आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला वेगाचा काटा आजवर जिथं पोचतो, त्याच्या खाली दिसला, तर बापाशेजारी तुझीही कोठडी!"

"काय हे न्यायदान!" दरबाराने टाळ्या पिटल्या. टाळ्यांवर कर नव्हता.

अनसाने गाडी उघडली. साखळी ज्या दोन दातेरी चाकांवरून फिरते, त्यांच्याकडे ती बघत बसली. बा म्हणाला होता तसा उठाव वाढवायला मागचं दातेरी चाक मोठं करावं, तर साखळी तोकडी पडणार. कडी जोडली, की कोठडी! मग ती एकदम उठली. पुढचं चाक काढून एका दात्याने लहान बसवलं, मागचं एका दात्याने मोठं. पुढे जेवढी साखळी वाचली, तेवढी मागे खपली. कडी ना तुटली, ना जुळली!

शर्यतीच्या दिवशी पहिल्याच वळणातून गाडी अशी सुटली, की शेजारच्या राजाला उदंडसेनाची पाठ आयुष्यात प्रथमच दिसली. सरळ पट्ट्याच्या टोकाला काटा नेहमीपेक्षा चांगला दहा घरं वर! उदंडसेन पहिला आला. या वेळी पुढून!

"शाब्बास, पोरी!" राजा गाडीवरून उतरता उतरता ओरडला.

"थांबावं, महाराज!" प्रधानजी धावत आले. समितीने जन्मात प्रथमच वाकून गाडी पाहिली होती. "फसवणूक! हा काटा आकडा घेतो गिअरबॉक्सकडून. हिने दातेरी चाकं बदलली, त्यामुळे गिअरबॉक्स तेवढाच फिरला तरी गाडीचं मागचं चाक आता कमी फिरतं आणि काटा आपला जास्तच दाखवतो. आकडा खोटा आहे!"

"खोटाच आहे," अनसा म्हणाली. "पण प्रधानजी, या दरबारात खोट्या आकड्याला शालजोडी मिळते असं ऐकून होते. मी एकदाच दाखवला, तर लगेच गुन्हा? आणि सरकारांची अट काटा खाली दिसू नये, एवढीच होती. दिसला का?"

प्रधानजींना अचानक खोकला लागला.

राजाने मात्र डोळे बारीक केले. "म्हणजे माझा टॉप स्पीड तू खरोखरच चोरलास?"

शिपाई अनसाच्या मागे येऊन उभा राहिला.

"चोरला, सरकार! पण किती? तो वेग गाठण्याआधीच हा पट्टा संपतो; तिथं भिंत आहे, भिंतीपलीकडे तळं. जो वेग सरकारांना तळ्यात पोचल्यावर मिळाला असता, तेवढाच मी चोरला. तो परत हवा असेल तर चाकं आत्ता बदलते. सरकारांनी भिंत ओलांडावी, मी काठावर दोर घेऊन उभी राहते!"

राजाने भिंतीकडे पाहिलं. मग तळ्याकडे. आणि तो असा हसत सुटला, की हेल्मेट हातातून निसटून गडगडत प्रधानजींच्या पायावर आदळलं.

धोंडू मिस्त्री तिथल्या तिथे सुटला. अनसाला शर्यतखान्याची मुख्य नेमलं, वर दोन गावं इनाम. आणि समिती? ती कायम राहिली. रोज सकाळी प्रधानजींसकट रांगेत बसून साखळी घासायला!