टेकायला जागा

"एवढं मोठं छत, दादा, आणि खाली एकही खांब नाही. लक्षात आलं का?" हेरंबने विचारलं.

"आलं," भानुदास मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींचा उभा जन्म देवळांचे दगड घडवण्यात गेला होता. हेरंब त्यांच्या हाताखाली तीन वर्षं छिन्नी धरायला शिकला, मग परदेशी जाऊन मोठा आर्किटेक्ट झाला. शहरातलं हे नवं कलासंग्रहालय त्याचंच. जगाने पाठ थोपटली होती. पण काम जमलं की मिस्त्री "साधलं" म्हणत, आणि तो शब्द हेरंबच्या वाट्याला आजवर आला नव्हता. तेवढ्यासाठी त्याने गावाकडे गाडी पाठवून म्हाताऱ्याला आणवलं होतं.

त्याने तिरकी भिंत दाखवली. फटीतून उतरणारा उजेड दाखवला. मिस्त्री "हं" म्हणत चालत राहिले.

चित्रं बघून झाली. मिस्त्री इकडेतिकडे पाहू लागले.

"काय हवंय, दादा?"

"पायरी. दर्शन झालं की घटकाभर टेकावं, मग निघावं."

"इथं पायऱ्या नाहीत, उतार आहे. बाकडीही मुद्दामच ठेवली नाहीत. माणसं बसली की जागेची शोभा जाते."

"असं..."

आणि मिस्त्री भर दालनात, गुळगुळीत फरशीवर मांडी घालून बसले.

लोक वळून बघायला लागले. हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, उठा ना."

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"बरं, एवढंच सांगा. साधलं का?"

म्हाताऱ्याचा हट्ट त्याला ठाऊक होता. नाइलाजाने तोही शेजारी टेकला. सुटाच्या विजारीत मांडी जमेना. त्याची मान वर गेली. खालून ती भिंत फारच उंच दिसत होती, अंगावर येत होती. सहा वर्षं तिचे नकाशे काढले, पण बसून त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. त्याला थोडी भीती वाटली. पुन्हा विचारायचं होतं, ते राहून गेलं.

तेवढ्यात पहाऱ्यावरची बाई लगबगीने आली. सकाळपासून तीही उभीच होती. तिने साहेबांना ओळखलं नाही.

"ओ, उठा बरं. इथं बसायला मनाई आहे."

हेरंब उठू लागला. मिस्त्रींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू द्या, बाई," ते म्हणाले. "हा आत्ताच आलाय."