लाल फडक्यांमागचा उतार

एका राज्यात हरणांचे खूर ऐकू येत, पण हरणं दिसत नसत. बारा वर्षं असं चाललं होतं. गवत आपोआप वाके. पाणवठ्यावर पाणी हले, चिखलात ताजे ठसे उमटत, आणि समोर बघावं तर कुणी नाही. मोर ओरडे, मोर नाही. रान भरलेलं होतं आणि डोळ्यांना ओस होतं.

दिसायचा तो एकटा कोतवाल. काळा, फाटक्या शेपटीचा पक्षी. कुठं काही वावगं दिसलं की साऱ्या रानाला ओरडून सांगायचं, ही त्याची जन्माची खोड. त्यानं कधी काही झाकलं नव्हतं, म्हणून त्याला शाप लागला नाही.

शाप कसा लागला ते आधी सांगतो, म्हणजे पुढं कुणी मधेच विचारायला नको.

त्या राज्यात शिकाऱ्यांचा एक जथा होता. त्यांना रानराखे म्हणत. राजानं त्यांना नेमलं नव्हतं, कुणी त्यांना शेरभर दाणे देत नव्हतं. आजोबा-पणजोबांच्या काळी रान उजाड व्हायला लागलं, तेव्हा शिकाऱ्यांनीच आपल्या हाताला आवर घातला. शिकार करायची, पण राखून करायची. दर साली डोंगराचा एक उतार विसाव्याला सोडायचा, त्याच्या वेशीवरच्या झाडांना लाल फडकी बांधायची, आणि वर्षभर तिथं बाण सोडायचा नाही. कोणता उतार विसावणार ते पारावर ठरे, भर दुपारी, सगळ्यांदेखत. आणि बोलायला उठलेल्यानं आधी मीठ सांगायचं. म्हणजे सालभरात कुणाकुणाच्या घरचं मीठ आपल्या पोटात गेलं, ते उभं राहून मोठ्यानं सांगायचं. ज्याचं खाल्लं त्याच्या फायद्या-तोट्याची गोष्ट निघाली की खाली बसायचं. वाटायला सोपं आहे. करून बघा.

मग दुर्गाजी नाईक जथ्याचा म्होरक्या झाला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर लोक सावध राहिले असते. तो म्हणाला, "पारावरचं बोलणं चोरट्यांच्या कानी जातं. बैठक गुहेत घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुहेत अंधार. कोण उभं राहिलं, कोण बसलं, दिसत नाही. मग मीठ सांगायची रीतही हळूच मागं पडली, आणि ती पडली हे कुणी बोललं नाही.

डोंगरापलीकडं अंजनभट नावाचा मांत्रिक राहत असे. हरणांना चाटायला खडकांवर मीठ ठेवावं लागतं. ते मीठ तो रानराख्यांना फुकट धाडू लागला. "रानाची सेवा," म्हणे. दोन पोती खडकांसाठी, तिसरं दुर्गाजीच्या सैपाकघरात. त्या सालापासून विसाव्याला दर वर्षी एकच उतार सुटू लागला, मांत्रिकाच्या दाराला लागून असलेला. लाल फडक्यांपाशी सारे शिकारी पाय मागं घेत. आत एकटा अंजनभट शिकार करी.

वनदेवीनं तीन वर्षं बघितलं. चौथ्या वर्षी ती म्हणाली, "तुम्ही झाकलंत. आता मीही झाकते." आणि तिनं सगळं रान नजरेआड केलं.

त्या वेळी विसाव्याच्या उतारावर एक माणूस उभा होता. हैबत त्याचं नाव. दुर्गाजीचा जावई, चार महिन्यांचा नवरदेव. हरणांबरोबर तोही दिसेनासा झाला.

तो तिथं का गेला होता, ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तिचं नाव गोजरा. त्या सकाळी भाकरी बांधून घेताना हैबतनं विचारलं होतं,

"गोजरे, आपल्या लग्नातलं मांस कुठल्या उताराचं होतं गं?"

"मला काय ठाऊक? आबांनी आणलं."

"शिंगाला लाल सूत अडकलं होतं म्हणतात."

"म्हणणाऱ्यांना दुसरं काम काय?"

"मग मीच बघून येतो," तो म्हणाला, आणि गेला.

गोजराला ठाऊक होतं. ते सूत तिनं स्वतःच्या हातानं काढून चुलीत टाकलं होतं. लग्नघरात बोभाटा नको म्हणून.

मग ही बारा वर्षं. उन्हं कलली की उतारावरून हैबतची शीळ येई. तीन सुरांची शीळ, तिसऱ्या सुराला फाटायची. पहिल्यापासूनच त्याला शीळ नीट येत नसे. गोजरा दारात उभी राहून उलट शीळ घाली. कधी अंगणातल्या धुळीत पावलं उमटत, तिच्यापर्यंत येत आणि थांबत. ती हात पुढं करी, हाताला नुसता वारा लागे. ती म्हणे, "जेवलात का?" उत्तर येत नसे. शापात शीळ राहिली होती, बोलणं गेलं होतं. ती त्याचं ताट वाढून ठेवी आणि सकाळी कावळ्यांना घाली. केसात पांढरं आलं. त्याच्या केसांत आलं असेल का, एवढाच विचार ती विंचरताना करी.

राजा सुमेघानं चौकशी लावली होती, नाही असं नाही. चौकशी कुणाकडं दिली? दुर्गाजी नाईकाकडं. रानातलं त्याच्याइतकं कुणाला कळतं, असं राजा म्हणाला. दुर्गाजी बारा वर्षं चौकशी करत होता. दर साली येऊन सांगे, "महाराज, शोध चालू आहे."

एके दिवशी गोजरा उठली आणि कोतवालाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"कोतवालदादा, माझा माणूस दिसायला काय करू?"

"बारा वर्षांनी विचारतेस."

"आधी भीती वाटायची."

"कशाची?"

पक्ष्यानं मान वाकडी करून तिच्याकडं बघितलं.

"तीन झाकलेल्या गोष्टी उघड्यावर आण. पहिली, लाल फडक्यांमागचा उतार. दुसरी, अंजनभटाचं कोठार. तिसरी सांगणार नाही. तुझी तुला कळेल."

गोजरा विसाव्याच्या वेशीवर गेली. एकवीस झाडं, एकवीस फडकी. हात लावील त्याचा हात झडेल, असा दुर्गाजीनं वचक बसवला होता. गोजरानं पहिली गाठ सोडली. हात झडला नाही. फडक्यानं माणसासारखा सुस्कारा टाकला, आणि त्या झाडामागचा उतार उघडा झाला. तिथं मचाण होतं. दुसरं सोडलं, तिथं चूल होती, राख अजून ऊन होती; अंजनभट खुरांच्या आवाजावर अजून बाण सोडतच होता. तिसऱ्यामागं हाडांचा ढीग. एकवीस सुस्कारे झाले तेव्हा सगळा उतार तिच्यापुढं पडला होता, आणि सबंध डोंगरात सर्वांत जास्त बाण त्याच उतारावर रुतलेले होते.

ती फडकी कमरेला बांधून पुढं निघाली.

अंजनभटाचं कोठार शिंगांनी भरलेलं होतं. दाराला कडी नव्हती, तिथं पहारा वेगळा होता. जो शिंग उचलून कानाशी नेई त्याला त्यात आपल्या माणसाचा आवाज ऐकू येई, आणि तो ऐकत बसे. तहान-भूक विसरून बसे. भिंतीला टेकून असे सात सांगाडे बसले होते, आणि सातही जणांच्या कानाशी शिंग होतं.

गोजरानं शिंग उचललं. हैबतची शीळ आली. जवळून, अगदी गालाशी. तीन सूर, स्वच्छ, गोड. ती खाली बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा बाहेरून, लांबून, एक शीळ आली. तिसऱ्या सुराला फाटलेली.

गोजरानं डोळे उघडले. कानातली शीळ फार चांगली होती. तिच्या नवऱ्याला इतकी चांगली शीळ जन्मात जमली नसती. तिनं ते शिंग टाकलं, ढिगातलं लाल सूत गुंतलेलं एक शिंग खांद्यावर घेतलं आणि भिंतीला धरधरून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पारावर चढली. इतक्या वर्षांत तिथं गवत माजलं होतं. तिनं तुतारी फुंकवली. रानराखे आले, राजा पालखीतून आला. अंजनभटही आला, हसत हसत, नव्या मिठाचं पोतं घेऊन.

गोजरानं फडकी मांडली, वर शिंग ठेवलं. उतारावर काय बघितलं ते सांगितलं. मग म्हणाली,

"माझ्या आबांनी अंजनभटाचं मीठ खाल्लं. ते गुहेत दडवलं, आणि उतार विकला."

लोक रानाकडं बघू लागले. गवत हललं. दिसलं कुणीच नाही.

दुर्गाजी म्हणाला, "पोरी, बापाला पारावर आणलंस?"

"आणलं."

"मग मिळालं का काही?"

मग रानराख्यांत जुंपली. हा म्हणे त्यानं खाल्लं, तो म्हणे ह्याच्या भावानं खाल्लं. एकानं तर मेलेल्या म्होरक्यावर ढकललं. दुपार टळत आली. रान होतं तसंच नजरेआड राहिलं. अंजनभट पोत्याला टेकून म्हणाला,

"मी वाटलं. खाणारे तुम्ही. आता एकमेकांचं सांगत बसा."

झाडावर कोतवाल बसला होता. नेहमी ओरडणारा पक्षी, त्या वेळी मुकाट बसून गोजराकडं बघत होता.

तेव्हा तिला तिसरी गोष्ट कळली. रीत अशी होती की मीठ आपलं आपण सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही. इतक्या वर्षांत लोक एवढंही विसरले होते, आणि तीही विसरली होती. की तिला आठवायचं नव्हतं, देव जाणे.

ती फडक्यांवरून पुढं आली. अंगणातल्यासारखीच धुळीत पावलं उमटत पाराशी आली होती आणि थांबली होती. ती त्या पावलांकडं बघून बोलली.

"मीठ सांगते. माझं आपलं. अंजनभटाच्या पोत्यातलं मीठ मी माहेरी खाल्लं. लग्नातलं मांस विसाव्याच्या उताराचं होतं. मला ठाऊक होतं. शिंगावरचं सूत मी चुलीत टाकलं. माझ्या माणसानं मला विचारलं, तेव्हा मी ठाऊक नाही म्हटलं. मी खरं बोलले असते तर त्यांना बघायला जावं लागलं नसतं. बारा वर्षं मी त्यांची वाट बघितली आणि हे कुणाला सांगितलं नाही."

पारासमोर एक पाडस उभं होतं. कान हलवत होतं. ते सगळ्यांना दिसलं.

मग एक म्हातारा रानराखा उभा राहिला. "मीठ सांगतो. माझ्या घरी अर्धं पोतं आलं." एक चितळ दिसलं. दुसरा उठला, तिसरा उठला. राजा पालखीतून खाली उतरला, मुकुट काढून हातात घेतला. "माझ्या ताटात दर सणाला त्या उताराचं मांस येई. चव ओळखत होतो. विचारलं नाही. आणि चौकशी मुद्दाम अशा माणसाकडं दिली, की जो काही शोधणार नाही." मोर, रानडुकरं, निलगाई, एकेक करत उतार भरत गेला. लोक रडत होते. कित्येकांची मुलं हरीण म्हणजे काय ते पहिल्यांदा बघत होती.

हैबत अजून दिसत नव्हता.

सगळ्यांच्या शेवटी दुर्गाजी उरला. तो लेकीकडं न बघता उभा राहिला.

"मीठ सांगतो," तो म्हणाला. "मीठ एका पोत्याचंच होतं. पहिल्या साली मी ते परत धाडणार होतो. मग चुलीवर कालवण झालं, बरं लागलं. एवढंच. त्यासाठी जावई घालवला."

तो खाली बसला. पाराशी उमटलेल्या पावलांवर पाय दिसले, मग गुडघे, मग सगळा माणूस. दाढी छातीपर्यंत वाढलेली, केस गोजराइतकेच पांढरे.

अंजनभट पळायला वळला, पण त्याचं झाकणं संपलं होतं आणि झाकण्यावाचून त्याच्यात दुसरं काही नव्हतं. चार पावलांवर तो उभ्याउभ्या मिठाचा झाला. हरणं जवळ आली आणि त्याला चाटू लागली. खांद्यांपर्यंत चाटून झालाय म्हणतात. अजून बरेच दिवस पुरेल.

दुर्गाजीनं म्होरकेपणाची तुतारी पारावर ठेवली. त्याला कुणी हाकललं नाही. दर साली फडकी बांधायला तो येतो, कोणत्या उताराला बांधायची ते ठरवताना मात्र लांब बसतो. गुहेच्या तोंडाशी लोकांनी दगड लावले. बैठक पारावर, भर दुपारी, आणि राजाही आला तर आधी मीठ सांगतो.

त्या संध्याकाळी गोजरानं ताट वाढलं. हैबत पाटावर बसला, पण घास उचलला नाही.

"गोजरे," तो म्हणाला. बारा वर्षं न वापरलेला आवाज, खरखरीत. "आपल्या लग्नातलं मांस कुठल्या उताराचं होतं?"

"सांगितलं की पारावर. ऐकलंत तुम्ही."

"पारावरचं पाराला. मी घरात विचारलं होतं."

गोजरा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"विसाव्याच्या उताराचं होतं. मला ठाऊक होतं."

हैबतनं मान हलवली आणि भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळे अंगणात येऊन ओरडत बसले, त्यांना काही मिळालं नाही.