यादवकाळातली मिरची

भूतकाळात सहली निघू लागल्या, तशी परवाने द्यायला एक कचेरी आली आणि कचेरीत बेलसरेसाहेब आले. नियम सांगताना त्यांचा आवाज असा चढे, की इतिहास म्हणजे जणू त्यांच्याच वाडवडिलांची जहागीर!

कोल्हापूरच्या हौसाक्काचा जन्म मसाले कुटण्यात गेलेला. मिरची नसताना माणसं जेवत तरी कशी, हे एकदा यादवांच्या देवगिरीत जाऊन तिला बघायचं होतं.

"नामंजूर!" साहेब गरजले. "त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हतीच. तुम्ही कोल्हापूरकर! कनवटीला चार बिया बांधून न्याल, तिथे पेराल आणि इतिहासाचा सत्यानाश कराल."

हौसाक्काने पदर खोचला. "साहेब, मी जाणार मागल्या काळात. म्हंजे तिथं जे व्हायचं ते कवाच होऊन गेलंय न्हवं?"

"अर्थात!"

"मग मी मिरची पेरली असती, तर तुमच्या इतिहासात ती असती की! तुमीच सांगताय, न्हवती. म्हंजे मी गेले, गुमान तिथलं काळं मिरं खाल्लं आन् शहाण्यावानी परत आले. तुमी निस्ता शिक्का मारा."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि शिक्का मारला. मिरची न खाताच त्यांना ठसका लागला, तेव्हा हौसाक्कानेच हसत त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.