एका पत्त्यावर दोघे

"पण एकाच हाकेला दोघं 'ओ' कसे देतायत, बुवा?"

सारंग देवस्थळीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका हातात फोन, दुसरा हात लोखंडी पेटीवर. पेटीत हिरवे दिवे लुकलुकत होते, जणू काही घडलंच नाही.

मंगलगिरी बुवा दारातच थांबले.

"आधी सांग, केलंस काय?"

सारंगनं काय केलं ते कळायला ही पेटी आधी कळली पाहिजे.

सोनजाईच्या डोंगराच्या पायथ्याला गोसाव्यांचा मठ आहे आणि मठाचा दवाखाना आहे. कुठल्या खाटेवर कोण, कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, ही सगळी माहिती या पेटीत. तिला म्हणतात ब्लेड चेसिस. नाव भारदस्त, काम साधं. पेटीत उभे खाने, आणि खान्याखान्यात वहीसारखा पातळ सर्व्हर सरकवलेला. एक बिघडला की ओढून काढा, दुसरा सरकवा.

बुवांनी संन्यास घेण्याआधी हयात टेलिफोनच्या तारांत घालवलेली. पेटी बसवली त्याच दिवशी त्यांनी नियम घातला होता: पत्ता, म्हणजे यंत्राला हाक मारायचा आकडा, खान्याचा. सर्व्हर कुठलाही सरकवा, ज्या खान्यात बसेल त्या खान्याचा पत्ता त्याला आपोआप मिळेल. दवाखान्यातले सगळे संगणकाचे पडदे त्या पत्त्याला हाक मारतात. आत कोण बसलंय, याची त्यांना पंचाईत नसते. मठाची रीतही तीच. कोठीवर जो बसेल तो कोठीबुवा. त्याचं घरचं नाव कुणी विचारत नाही.

सारंगला हे कधी पटलंच नाही. पोरगा पुण्याहून शिकून आलेला, हुशार, आणि ती हुशारी सदा उतू जाणारी. 'खान्याच्या जिवावर कोण राहणार? यंत्राला स्वतःची ओळख नको?' असं म्हणत त्यानं एकेका सर्व्हरच्या पोटात पत्ता आपल्या हातानं पक्का लिहून टाकला. बुवांना न सांगता. विचारायचं कशाला? बुवा जुन्या काळचे!

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण काय उगाच पडलीय?

आज सकाळी एक सर्व्हर तापायला लागला. सारंगनं तो काढला, त्या जागी नवा सरकवला आणि जुन्याचाच पत्ता नव्यात लिहिला. झकास चालला. तिथं थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण जुन्याच्या पंख्यात नुसती धूळ होती. ती त्यानं फुंकून काढली आणि शेवटच्या रिकाम्या खान्यात तो जुनाही बसवला. बघू तरी, चालतोय का...

चालला की! पोटात लिहिलेला पत्ता घेऊन तो जागा झाला. आपल्याला काढून टाकलंय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं होतं?

आता पत्ता एक आणि उत्तर द्यायला दोघे. नव्यात आजची माहिती, जुन्यात कालची. पडद्यानं विचारलं की कधी हा बोलायचा, कधी तो.

आणि मग वॉर्डातून मार्था सिस्टरांचा फोन आला.

"सारंगभाऊ, सात नंबरच्या खाटेवर ढेब्यांची सून आहे. बाळंत झालीय, रक्त थांबत नाहीये. पडद्यावर बी पॉझिटिव्ह आलं म्हणून पिशवी टांगली. सुई जोडायच्या आधी सवयीनं परत बघितलं, तर ओ निगेटिव्ह! परत बघितलं तर बी! आता देऊ काय मी तिला? लवकर सांगा!"

काल सात नंबरच्या खाटेवर दुसरीच बाई होती.

सारंगनं हे सगळं बुवांना एका दमात सांगितलं. फोन चालूच होता, पलीकडून मार्था सिस्टरांची धाप ऐकू येत होती.

"जुना काढतो, बुवा. आत्ता काढतो. मिटलंच मग."

त्यानं हात घातला. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"दोघांतला खरा कोण?"

"नवा! नवाच की."

"कशावरून?"

"पत्ता मी दिलाय त्याला."

"आणि जुन्याला?"

"त्यालाही मीच."

"या घडीला वॉर्डातल्या पडद्यावर जे दिसतंय, ते कुणाचं?"

सारंगला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं ते फक्त त्याला.

बुवांनी मनगट सोडलं. पुढे झाले. एका हातानं जुना ओढला, दुसऱ्या हातानं नवा. दोन्ही सर्व्हर ओढून फरशीवर ठेवले.

त्या दोन खान्यांतले हिरवे दिवे गेले.

"बुवा!" सारंग किंचाळलाच. "अहो, काय केलंत हे? अख्खा दवाखाना आंधळा केलात! बाई मरायला टेकलीय तिकडं!"

म्हाताऱ्याला वेड लागलं, असंच त्याला वाटलं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला बुवांचा गळा धरावासा वाटला.

बुवांनी त्याच्या हातातला फोन घेतला.

"मार्था, पडदा गेला. तो मीच घालवला. आता तुमच्यासमोर बाई आहे आणि तिचं रक्त आहे. थेंब काचेवर घ्या, स्वतः तपासा. तोवर कुठलीही पिशवी जोडू नका. सलाईन चालू ठेवा."

"बरं, महाराज."

फोन बंद झाला.

...

खोलीत फक्त पंख्यांची घरघर. काचेवर थेंब घ्यायला किती वेळ लागतो? आणि रक्त जायला? तो हिशेब मनात येऊ नये म्हणून सारंगनं डोळे मिटले, तर ढेब्यांची सून दिसायला लागली. तिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"डोळे उघड. काम आहे."

बुवांनी खान्याची बाहेरची वाट बंद केली आणि नवा सर्व्हर त्याच्या जागी परत सरकवला. आत तो जागा झाला, पण बाहेर त्याचा आवाज जाणार नव्हता.

"पूस."

"काय?"

"तू लिहिलेलं."

"पुसलं तर याला ओळखणार कोण, बुवा?"

"पूस."

सारंगनं पुसलं. रकाना कोरा झाला. आपल्या हातचं पुसताना लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीतीच मोठी होती. आता हाही गेला, तोही गेला...

बुवांनी वाट उघडली.

दिवा एकदा पिवळा झाला. मग हिरवा.

सारंग पडद्याकडे बघत राहिला. कोऱ्या रकान्यात पत्ता उमटला होता. तोच. आकड्याला आकडा तोच. त्यानं कळफलकाला हातसुद्धा लावला नव्हता.

"हे... हे कुणी लिहिलं?"

बुवांनी बोट केलं. सर्व्हरकडे नाही. त्याच्याभोवतीच्या लोखंडी चौकटीकडे.

नियम सारंगनं पूर्वी हजारदा ऐकला होता. पण तो असा डोळ्यांदेखत घडताना आज पहिल्यांदा बघितला. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि आपण काय समजत होतो?

फोन वाजला. सारंगला उचलवेना. बुवांनी उचलून त्याच्या कानाला लावला.

"काचेवर ओ निगेटिव्ह," मार्था सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, ओ निगेटिव्हच. तुमचा पडदाही आला, आता तोही तेच म्हणतोय. पिशवी बदलून लावलीय. नाडी सुधारतेय तिची." मग त्या म्हणाल्या, "सारंगभाऊ, पहिली पिशवी लागली असती ना, तर बाई आमच्या हातातच गेली असती हो. मी सुई हातात धरली होती."

सारंग मटकन खाली बसला.

"मी मारली असती तिला, बुवा."

बुवा 'नाही' म्हणतील, असं त्याला वाटलं. निदान 'वाचली ना' एवढं तरी.

बुवांनी जुना सर्व्हर उचलून बाजूला ठेवला, त्याची तार गुंडाळली.

...

सारंग उठला. गळ्यात दोरीनं अडकवलेली खोलीची किल्ली त्यानं काढली. ही किल्ली तो झोपतानाही काढत नसे, मठात सगळे हसायचे. त्यानं ती बुवांच्या पायांशी ठेवली.

"मी या जागेच्या लायकीचा नाही. माझ्या जागी दुसरा कुणीतरी बघा, बुवा."

बुवांनी किल्ली उचलली. छाटीच्या टोकानं पुसली आणि दाराच्या खिळ्याला अडकवली.

"हो, दुसराच हवाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी लवकर पाठव त्याला. घरचं नाव सारंग असलं तरी चालेल."