खिडक्यांची वजाबाकी

साताऱ्यातल्या निवृत्त इंजिनीअर राजेशिर्केसाहेबांचा बंगला रंगवायला मिळाला, तर ठेकेदार म्हणून वृंदाचं ते पहिलंच काम ठरणार होतं. तिनं दिलेला खर्चाचा अंदाज वाचून साहेबांनी टेबलावर थाप मारली, तशी ती दचकली.

"भिंती मोजल्यास, पण दारं-खिडक्या वजा केल्या नाहीस. भोकाला रंग लागतो का गं?"

"नाही, पण त्याची कड सांभाळायलाच जास्त वेळ जातो."

"मला शिकवू नकोस."

वृंदा त्यांच्या नव्याकोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कुतूहल वाटलं.

"साहेब, शिंप्यानं गळ्याच्या भोकाचे पैसे वजा केले?"

"कसे करेल? गळ्यालाच तर खरी मेहनत असते," साहेब बोलून गेले.

"आमचंही तेच," वृंदा हळूच म्हणाली. "भोकं नसती तर शिलाई स्वस्त पडली असती, पण त्याला सदरा नाही, गोणी म्हणतात."

साहेबांनी कॉलर चाचपली. "कामाला कधी लागतेस?"